कमरेला बांधलेली नम्रता

"बांधलेली नम्रता दाखवा, नाहीतर गुरुवारी दुपारच्या आत तुमच्या शाळेला कुलूप घाला!" रायाजीराजांनी फर्मावलं, आणि पाद्रीबाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

चूक म्हणाल तर पाद्रीबाबांचीच. बायबल मराठीत आणता आणता ते एका ग्रीक क्रियापदापाशी अडले. सबंध ग्रंथात ते एकदाच येतं. चाकर कामाला लागण्यापूर्वी अंगाला फडकं गाठ मारून बांधतो, तशी नम्रता बांधा, असा त्याचा अर्थ. हे त्यांनी भाबडेपणाने दरबारात सांगितलं. राजे जन्माचे हट्टी. नम्रता म्हणजे काय मुंडासं आहे का, म्हणाले, आणि हटूनच बसले.

हे वाड्यावर पाणी भरणाऱ्या ठकूने ऐकलं. तिची लेक रखमा त्याच शाळेत नुकती कुठे जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. दुसरी शाळा पंचक्रोशीत नव्हती.

गुरुवारी दरबारी एकेक करून नम्रता दाखवायला पुढे आले. कुणी जरीचा शेला गुंडाळला, शास्त्रीबुवा तर रेशमी सोवळं नेसून आले. हा नुसता थाट झाला, असं म्हणून राजांनी सगळ्यांना वाटेला लावलं. पाद्रीबाबांनी खिशातून शाळेची किल्ली काढली.

ठकूने घागर खाली ठेवली. पुढे होऊन बोलली.

"सरकार, ताईसाहेबांच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला जिलबी कुणी वाढली?"

"आम्ही. मुलीचा बाप नाही वाढणार तर कोण?"

"तेव्हा खांद्यावरचं उपरणं कुठं होतं?"

"कमरेला, गाठ मारून. वाकलं की घसरतं."

"व्याही म्हणाले, जिलबी गार आहे."

"तीनदा म्हणाले!"

"मग सरकारांनी त्यांना तुरुंगात टाकलं?"

"छे. हात जोडले, चुकलं म्हणालो, गरम आणवली."

"आणि पंगत उठल्यावर?"

"उपरणं सोडून खांद्यावर टाकलं आणि आचाऱ्याला फैलावर घेतलं."

"तेच ते, सरकार. गाठ होती तोवर नम्रता होती. साऱ्या गावाने पाहिली. आता मी वेगळी कुठून दाखवू?"

मग राजे असे हसले की पगडी कानावर आली. शाळा चालू राहिली, तिच्यावर कौलंही चढली, आणि ठकूला नदीकाठचं बिघाभर रान मिळालं.

"लिहा पाद्रीबाबा," डोळे पुसत राजे म्हणाले, "फक्त तळटीपेत आमच्या व्याह्यांचं नाव नको."