शून्याचं वजन

"पिसारा नाही, तर मोर नाही!" नृत्यगुरू ललितशंभूंनी ठणकावून सांगितलं आणि सगुणा मापाडणीनं कपाळावर हात मारला.

तिची सहा वर्षांची भिंगरी दरबारी नृत्यशाळेच्या उत्सवात मोर होणार होती. शाळा फुकट! टिपरीनगरच्या राजा तालमर्दनानं दवंडीच पिटवली होती, "लेकरांना नाच शिकवा, शुल्क शून्य!" फुकट म्हणून सगुणानं पोरीला घातलं. पहिल्या आठवड्यात घुंगरू आले. मग कंबरपट्टा आला. मग सरावाचा परकर, उत्सवाचा परकर आणि उत्सवाचा मळू नये म्हणून वरून घालायचा तिसरा परकर! सगळं घ्यायचं गुरुजींच्या मेव्हण्याच्याच दुकानातून, कारण बाहेरच्या घुंगरांना म्हणे लय कळत नाही.

आणि आता पिसारा. तो घ्यायचा तर बाजारात धान्य तोलायचा तराजू विकावा लागणार होता. तराजू गेला की चूल विझली!

"आई, मी पिसाऱ्याशिवाय पण मोर आहे," अंगणात गिरक्या घेत भिंगरी म्हणाली.

सगुणानं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, तुमचं शून्य फार जड झालंय. आम्हांला पेलवत नाही!"

दरबारात खसखस पिकली. पण राजा तालमर्दन भलता हट्टी. एकदा त्यानं चुकून कोकिळेला कावळा म्हटलं होतं, तेव्हापासून टिपरीनगरात दर वसंतात कावळेच गात होते!

"शून्य जड?" तो गरजला. "मग तोलून दाखव! परवा, भरदरबारात. नाही जमलं तर तुझा तराजू जप्त आणि पोरीचं नाव शाळेतून कमी!"

"आणि जमलं तर?"

"जमणारच नाही! विचारतेस कशाला?"

"मापाडीण आहे, महाराज. एकाच पारड्याकडे बघून मला चालत नाही."

राजा मिशीत हसला. "जमलं तर मागशील ते देईन. जा!"

तिसऱ्या दिवशी सगुणानं दरबाराच्या तुळईला तराजू टांगला. पारडी एवढी मोठी, की धान्याचं पोतं सहज मावावं. एका पारड्यात तिनं भिंगरीला बसवलं.

"हे आणि काय?" राजानं विचारलं.

"हे माप, महाराज. आता माल. गुरुजी, मोराला काय काय लागतं, तुम्हीच सांगा. मी अडाणी बाई, एखादी वस्तू राहून जायची."

कलेविषयी कुणी विचारलं की ललितशंभूंना थांबता येत नसे. "घुंगरू तर हवेतच!"

गल्लीतल्या सगळ्या आया आपापल्या पोरांच्या सामानाची गाठोडी घेऊन उभ्याच होत्या. सगुणानं दोन्ही पायांचे घुंगरू दुसऱ्या पारड्यात टाकले आणि आरोळी ठोकली, "लाभ!" पहिल्या मापाला मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"कुणाचा गं?" मागून एका आजीबाईंनी विचारलं.

"कंबरपट्टा!" गुरुजी म्हणाले.

"दोन!"

"मुकुट! पितळीच हवा!"

"तीन!"

"तिन्ही परकर! पिसारा, शिसवी चौकटीसकट! पिसाऱ्याची पेटी! पेटीचं कुलूप! आणि आईबापांना बसायला मोरपंखी पाट. साध्या पाटावर बसून मोर बघायचा? शोभतं का?"

पाट पडला मात्र, पारडं धाडकन खाली गेलं आणि भिंगरी थेट तुळईपाशी पोचली.

"आई, अजून घाल! अजून!" ती वरून टाळ्या पिटत ओरडली.

"हे शुल्क नव्हे!" राजा ताडकन उठला. "हे किरकोळ सामान!"

"बरोबर, महाराज. शुल्क शून्यच. हे सगळं त्या शून्याच्या पोटातलं. गुरुजी, यातलं काही वगळलं तर चालेल का हो?"

"छे! कुलपाची किल्ली नसली तरी मोर अपुरा! आणि पुढच्या वर्षी पोरं वाढली की सगळं नवं!" गुरुजींना आता भरतं आलं होतं. "शिवाय प्रमुख पाहुण्यांना मोरपंखी फेटा, मोरपंखी जोडे, सिंहासनाला मोरपंखी गादी..."

"प्रमुख पाहुणे कोण?"

"आपणच की, महाराज! मेव्हण्यानं सामान पाठवलंसुद्धा."

राजानं हळूच डोक्यावरच्या नव्या फेट्याला हात लावला. "हा? मला वाटलं, भेट आली!"

खजिनदार खोकला. "पैसे कालच चुकते केले, महाराज."

राजाचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. पण हट्ट तो हट्टच! "असेल! नाच म्हटला की एवढं वजन यायचंच. हे नाचाचंच वजन!"

"मग तेही तोलू."

सगुणानं सामान काढलं. पोरीला खाली उतरवलं. रिकामी पारडी समोरासमोर स्थिर झाली. "नाच गं, भिंगरे!"

विटक्या परकरात, अनवाणी पायांनी भिंगरी नाचली. तिनं मान वळवली, पंख झटकले, दाणे टिपले, प्रधानजींच्या जोड्यावरची माशीसुद्धा टिपली! दरबारच्या ढोलकीवाल्याला राहवेना, तो वाजवू लागला. भालदारांनी ताल धरला. एक गिरकी, दुसरी गिरकी... आणि पोर हसत जमिनीवर फतकल मारून बसली.

सगुणा रिकाम्या पारड्यापाशी उभी राहिली. "नाच झाला, महाराज. आता सांगा, पारड्यात काय ठेवू?"

राजानं पारड्याकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. पुन्हा पारड्याकडे पाहिलं. आणि असा खदखदून हसला, की फेटा सुटून गळ्यात आला!

"हरलो, सगुणे, हरलो! माग!"

"लेकरांना अंगावरच्या कपड्यांनिशी नाचू द्या, महाराज. बास."

"दिलं! आणि शंभर पायली ज्वारी माझ्याकडून! आजपासून या राज्यात जे जे फुकट मिळेल, ते आधी हिच्या तराजूत पडेल. आणि ललितशंभू, तो पिसारा आता तुम्हीच पाठीला बांधा आणि चालते व्हा!"

गुरुजी पिसाऱ्यासकट दरवाज्यात असे अडकले, की त्यांना ढकलायला चार शिपाई लागले. त्या चौघांना ताल धरून द्यायला राजा स्वतः सिंहासनावरून उतरला.