ढेकूण आणि अर्धं राहिलेलं दुपटं

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक घरधनीण राहत होती. तिच्या स्वच्छतेचा गावभर बोलबाला होता. पाहुणा आला की ती सांगायची, "आमच्या घरी किडा-मुंगी औषधालासुद्धा सापडायची नाही." हे ती जरा जास्तच वेळा सांगायची.

एका सकाळी सून तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत होती. बाळाच्या मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या, एकापुढे एक, ओळीने.

"आत्याबाई, बाळाला ढेकूण चावलेत," सून म्हणाली.

"आपल्या घरात ढेकूण? घामोळं असेल. चंदन उगाळून लाव."

सून आत गेल्यावर सासूने बाज उलटी केली. दोरीच्या गाठींत आणि गोधडीच्या शिवणीत मिरपुडीसारखे काळे ठिपके होते. एक ढेकूण बोटाखाली चिरडला, तसा तो घाणेरडा वास आला. आता शंका उरली नाही. पण ढेकणांपेक्षा तिला लोकांचीच भीती जास्त वाटली. बाज उन्हात काढली तर शेजारी बघतील. तिने बाज सुलटी केली आणि वर धुतलेली चादर घातली.

त्या गावात एक चांगली रीत होती. कुणाकडे लग्न निघालं की वऱ्हाडासाठी घरोघरच्या गोधड्या जमा व्हायच्या. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घर आपल्या गोधडीच्या कोपऱ्याला आपल्या रंगाचा दोरा घालायचं. त्याच आठवड्यात लग्नघरची बाई दारात आली.

"काकू, तुमच्या गोधड्या आधी न्यायला आले. नवरदेवाच्या माणसांना त्याच घालायच्यात."

सुनेने सासूकडे पाहिलं. नको म्हटलं तर का नको, हे सांगावं लागणार होतं.

"ने की," सासू म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

लग्न थाटात झालं, पण वऱ्हाडी अंग खाजवत उठले. सगळ्या गोधड्या एकाच खोलीत थप्पी लावून ठेवल्या होत्या. तिथून त्या आपापल्या घरी गेल्या आणि त्यांच्याबरोबर ढेकूणही गेले. ढेकणाला दोऱ्याचा रंग कळत नाही.

थोड्याच दिवसांत गाव पारावर जमलं. हे आणलं कुणी, असा प्रश्न निघाला. गावाबाहेरच्या झोपडीत गोधड्या शिवणारी एक बाई राहायची. परगावची, एकटी, घरोघरची जुनी लुगडी जमवून पोट भरणारी.

"तिच्या चिंध्यांतूनच आले असणार," कुणीतरी म्हणालं. ते सगळ्यांना पटलं, कारण ते सोयीचं होतं. तिला यापुढे काम द्यायचं नाही, असं ठरलं. घरधनीण तिथेच बसली होती. ती नुसती पदर सावरत राहिली.

त्याच दुपारी ती बाई घरधनिणीच्या दारी आली. बाळाचं दुपटं तिच्याकडे शिवायला दिलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आक्का, मी आत येत नाही. माझ्यापायी बाळाला त्रास नको. अर्धं शिवून झालंय. पुढचे टाके जवळजवळ घाला, सैल शिवणीत किडा बसतो."

खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. घरधनिणीच्या ओठांवर शब्द आलेही होते.

"ठेव तिथं ओट्यावर," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तिने ते दुपटं उन्हात धरलं आणि शिवण न् शिवण तपासली. एकही ठिपका नव्हता. आत बाळ रडत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. लोकांसमोर वाटते तशी ती नव्हती, ही फार खोल गेली.

तिने बाज ओढत भर रस्त्यात आणली, चुलाणावर पाणी उकळलं आणि गाठी-गाठींत ओतायला सुरुवात केली. माणसं जमली.

"ढेकूण आधी माझ्या घरात झाले," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तरी मी गोधड्या दिल्या. त्या बाईचा काही दोष नाही."

मग शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे तर दिवाळीपासून आहेत." लग्नघरच्या बाईनेही मान खाली घातली. एकेका घरातून बाजा बाहेर येऊ लागल्या. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात घातल्या, भिंतींच्या भेगा मातीने लिंपल्या. राहिलेली अंडी फुटतात, म्हणून काही दिवसांनी हे सगळं पुन्हा केलं, आणि नंतर पुन्हा एकदा. एकट्या घराने केलं असतं तर ढेकूण शेजारून परत आले असते. गावाने मिळून केलं, म्हणून ते गेले.

पण सासूने कबुली दिली त्याच सकाळी सून त्या बाईला बोलवायला धावत गावाबाहेर गेली, तेव्हा झोपडी रिकामी होती. चूल गार होती आणि जमीन झाडून ठेवलेली होती. आजूबाजूच्या बाजारांत पुष्कळ शोध घेतला. ती बाई कुणाला भेटली नाही.

दुपटं घरधनिणीने स्वतः पुरं केलं. अर्धे टाके बारीक आणि सरळ, अर्धे मोठे आणि वाकडे. हे असं का, म्हणून कुणी विचारलं की ती सगळी गोष्ट सांगायची, आणि आपलं चुकलं तिथे आवाज खाली आणायची नाही.

तात्पर्य एवढंच: ढेकूण कुणाच्याही घरात येऊ शकतात, त्यात अब्रू जात नाही. ते लपवले तर वाढतात, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा ज्याचा दोष नाही त्याला होते.