चाळणीला आत घ्या

फार मागे, मुंग्या माणसांसारखी कोठारं बांधत, तेव्हाची ही गोष्ट. कोठारात रुबाब होता पायलीचा, पण तिला येई फक्त मोजणं. पिल्लांना तर हवे बारीक दाणे, आणि ते काढणारी चाळणी बसे अंगणात; कितीही विनवलं तरी पायली तिला आत घेत नसे. मग मुंग्या रोज सगळी ज्वारी बाहेर आणत, चाळून घेत आणि उरलेली परत आत नेत. तोवर संध्याकाळ होई, पिल्लं उपाशीच झोपलेली असत.

एक दिवस एक मुंगी ओझ्यासकट उंबऱ्यावरच कोसळली. चाळणीचं डोकं फिरलं. तणतणत ती दाराशी गेली.

"अगं पायलीबाई, मूठभर दाण्यांसाठी अख्खं कोठार उपसायला लावतेस? लाज नाही वाटत? मला आत घे, मी तिथंच चाळते!"

"आमच्यात तुला कोण ओळखतं?" पायली फणकारली.

"मग ओळख करून घे की! तुझ्या मोजण्याला कोण हात लावतंय?"

मुंग्यांनीही ओझी खाली टाकली. "आता तूच वाहा, बाई!"

पायली दारातून बाजूला सरली आणि चाळणी आत गेली. त्या दुपारी पिल्लं पोटभर जेवली.

"इतकं सोपं होतं, तर आधी नाही का सांगायचंस?" पायली कुरकुरली.

"सांगतच होते," चाळणी चाळता चाळता म्हणाली. "तू माझ्यासाठी दार लावून मोजत बसली होतीस."