उघाडीवरची बिनकाचेची खिडकी

वेस्टरखाट बंदरात हिंडताना पाहुण्याला एक खिडकी खटकते. डच माणूस काचेच्या बाबतीत फार काटेकोर. रस्त्याकडेच्या घरांच्या काचा इतक्या लखलखीत, की आतल्या माणसाच्या पानात काय वाढलंय तेही दिसावं. पण गावचा कालवा जिथे समुद्राला मिळतो, तिथे रखवालदाराचं एक जुनं दगडी घर आहे आणि त्याच्या रस्त्याकडच्या खिडकीला काचच नाही. नुसती रिकामी चौकट. हिवाळ्यात तिच्यातून बोचरा वारा आत घुसतो, पाऊस घुसतो, तरी तिला काच बसवायचं कुणी नाव काढत नाही.

मूळचे अलिबागकडचे भिकाजी तांडेल जहाजावरची नोकरी संपल्यावर याच गावात राहिले. महाराष्ट्रातून कुणी बंदर पाहायला आलं, की दिवसभर हिंडवून शेवटी ते सगळ्यांना या खिडकीखाली आणतात.

"आपल्याकडे खाजणातल्या बांधाला उघाडी असते ना, तीच ही," ते म्हणतात. "ओहोटीला गावचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला समुद्राला आत घ्यायचं नाही. भरतीचं पाणीच दाराची दोन्ही पाखं ढकलून मिटवतं. आपली उघाडी लहान, यांची मोठी. समुद्र मात्र दोन्हीकडे सारखाच हट्टी."

मग डोक्यावरची टोपी काढून ते गोष्ट सुरू करतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, पूर्वेकडून जायफळ-लवंगा भरलेलं एक जहाज या बंदराला लागायचं होतं. ते पाहायला आतल्या मुलखातून माणसं लोटली होती. त्यांत लिसबेट नावाची एक मुलगी होती. ती हिल्ले नावाच्या आपल्या आत्याबरोबर एका दिवसासाठी बंदर पाहायला आली होती. लिसबेट जन्माची भित्री. वाऱ्यानं दार आपटलं तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. तिच्या गावात मेंढ्या आणि माळरान, आणि इथे तर जिकडेतिकडे आवाजच आवाज. सकाळी तोफेची सलामी झाली तेव्हा ती किंचाळली. डोलकाठी करकरली तेव्हा किंचाळली. एका खलाशाच्या खांद्यावरचा पोपट तिच्याशी बोलला, तेव्हा तर असा टाहो फोडला की अख्खा धक्का वळून बघू लागला.

"अगं, पोपट तो! बोलायचाच," आत्या शरमेनं लाल होऊन म्हणाली.

"पण माझ्याकडं बघून बोलला."

"मग काय भिंतीकडं बघून बोलेल? शपथ घे तुझ्या आईची. दिवस मावळेपर्यंत पुन्हा ओरडणार नाहीस."

लिसबेटची आई तिच्या लहानपणीच गेली होती. गेलेल्या आईची शपथ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिनं ती घेतली, आणि मग दोघींनी गाव पाहिलं. दोरखंड वळायची लांबच लांब पडवी पाहिली, मासळीबाजार पाहिला, घरांच्या आढ्याला टांगलेल्या कप्प्यांवरून दोरानं पिंपं वर चढताना पाहिली. एक पिंप मधेच हिंदकळलं. लिसबेटनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. उघाडीपाशीही दोघी जाऊन आल्या. भरती लागली की ही मिटते आणि मग कालव्याचं पाणी जागच्या जागी थिजतं, हे आत्यानंच तिला तिथे समजावून सांगितलं.

दुपारी आत्याचे पाय सुजले. कालव्याकाठी एका तळघरात गरम धिरडी मिळत. आत्या तिथे उतरली, जोडे काढून बाकावर पाय लांब करून बसली आणि शेजारच्या बायकांशी तिचं गूळपीठ जमलं. लिसबेट वर, कालव्याच्या पायरीवर बसून राहिली.

पलीकडे एक बाई पाण्यात कोबी धूत होती. तिच्या हातून एक पान सुटलं. भरती तर केव्हाच लागलेली. पान जागच्या जागी डुलायला हवं होतं. ते निघालं. हळूहळू निघालं, पण निघालं ते समुद्राकडून गावाकडे. पुलाखालून गेलं, पुढे गेलं.

लिसबेटनं स्वतःची समजूत घातली, वारा असेल. वारा तर जमिनीकडून वाहत होता. मग तिचं लक्ष पायाखाली गेलं. मघाशी जिच्यावर तिनं जोड्यांसकट पाय टेकले होते ती उन्हानं तापलेली पायरी ओली झाली होती. तिनं वाकून ओंजळ भरली आणि पाणी जिभेला लावलं. खारट.

ती जिना उतरून तळघरात गेली आणि आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, कालव्याचं पाणी खारट लागतंय."

"कालव्याचं पाणी प्यायलीस?" आत्या इतक्या मोठ्यानं म्हणाली की सगळ्या बायकांना ऐकू गेलं.

"बंदर आहे बाई," एक जण म्हणाली. "इथे साखर कुठली मिळायला?" सगळ्या खदखदून हसल्या.

"शपथ विसरलीस का गं?" आत्यानं डोळे वटारले.

"मी कुठे ओरडतेय? हळूच सांगतेय. वर चल ना."

"हळूच भ्यालं तरी ते भिणंच. हे पाय जोड्यांत मावू देत, मग चलू."

लिसबेटनं आत्याच्या पायांकडे पाहिलं. टम्म फुगलेले. ती उभी होती ती जमीन कालव्याच्या पाण्याहून खाली होती, आणि वर जायला तो एकच अरुंद जिना. आत्याच्या पाठीमागे भिंतीच्या दोन दगडांमधून पाण्याची एक बारीक रेघ उतरत होती. तिनं बोटानं दाखवली. "तळघर आहे, पाझरायचंच," बायका म्हणाल्या.

तेवढ्यात बंदरात कर्णे वाजले. जहाज दिसलं होतं. रस्त्यावरची सगळी माणसं धक्क्याकडे धावत सुटली आणि लिसबेट एकटी उलट्या दिशेला, उघाडीकडे. असं सांगतात, की वाटेत तिनं कितीतरी जणांची बाही ओढली, आणि प्रत्येकानं ती सोडवून घेतली.

उघाडीपाशी येऊन पाहते तो काय! कुठूनसा वाहत आलेला ओंडका दोन्ही पाखांच्या मधोमध आडवा अडकला होता. पाखं मिटत नव्हती आणि त्या फटीतून समुद्र आत येत होता. घाई न करता येत होता, जणू बोलावणं असल्यासारखा. अशा वेळेसाठी वर साखळ्यांना टांगलेली दुसरी जाड झडप होती, पण ती खाली सोडायचं चाक रखवालदाराच्या घरात. घराला आतून अडसर. खिडकी बंद.

रखवालदार वाउटर वाईट माणूस नव्हता, हे तांडेलकाका आवर्जून सांगतात. सकाळपासून हौशी पाहुण्यांनी त्याची खिडकी वाजवून वाजवून त्याला नको नको केलं होतं. दादा, जहाज कधी येणार? दादा, इथून समुद्र दिसतो का? दादा, जरा आत येऊन चाक बघू का? अर्धा दिवस त्यानं हसून उत्तरं दिली. मग काच लावून घेतली, कानांत लोकरीचे बोळे घातले आणि खिडकीकडे पाठ करून जाळं विणत बसला.

लिसबेटनं दार ठोठावलं. चवड्यांवर उभं राहून काचेवर बोटं वाजवली. शपथेपोटी आवाज दाबून, जवळजवळ कुजबुजत ती म्हणाली, "दादा, अहो दादा." आतली पाठ हलली नाही. पुन्हा हाक मारली. मागे कालव्यात कोबीची पानं आता भरभर गावाकडे चालली होती.

इथे तांडेलकाका थांबतात. गाव वाचलं का, असं कुणी ना कुणी विचारतंच. "तुम्ही उभे आहात त्याच जमिनीवर," ते म्हणतात. आजही या खिडकीला काच बसवत नाहीत. आजही कामावरच्या रखवालदारानं खालून आलेल्या प्रत्येक हाकेला उत्तर द्यायचं असतं, मग हाक मारणारा शहाणा असो, खुळा असो, नुसता गंमत करणारा असो. भिणाऱ्याला तर आधी. आपण हाकेला ओ देतो. इथे म्हणतात 'या'. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'हो'. आपल्या माणसाला वाटतं, आत बोलावतोय, आणि दर खेपेला कुणीतरी दाराच्या पायऱ्या चढायला लागतो. लोक हसतात. तांडेलकाकाही हसतात, आणि हसू ओसरलं की आवाज खाली आणून उरलेलं सांगतात.

लिसबेटनं पायातला लाकडी जोडा काढला. जन्मात तिनं कधी काही फोडलं नव्हतं. दुसऱ्यानं फोडलं तरी तीच दचकायची. तिनं डोळे मिटले आणि जोडा भिरकावला. काच खळ्ळकन फुटली. त्या आवाजानं ती स्वतःच दोन पावलं मागे सरली.

"आई, मला माफ कर," ती पुटपुटली, आणि छातीत होता नव्हता तो सगळा श्वास एकवटून तिनं हाक मारली. त्याच क्षणी धक्क्यावर तोफ उडाली आणि हाक त्या आवाजात बुडून गेली.

आता तिचे पाय ओले झाले होते. तोफेचा धूर उघाडीवरून सरकत आला. तिनं पुन्हा हाक मारली. म्हणे, जन्मभर जितक्या वेळा ती भ्याली होती तितकं सगळं भय त्या एका हाकेत होतं, इतकी ती मोठी होती.

आत काहीतरी खाली पडलं. खुर्ची सरकली. आणि फुटक्या चौकटीतून एका पुरुषाचा घोगरा, गोंधळलेला आवाज आला, "या?"