खाजकुयलीचा पहारा

त्या रानात डंख मारणारी मधमाशी स्वतः मरत असे. त्यामुळे ढोलीतल्या पोळ्यावर पहारा देणारी माशी कुणावरही एकदम तुटून पडत नसे. समोरच्याला आधी मिशांनी चाचपायचं, "कुणाची गं तू?" असं विचारायचं आणि उत्तर ऐकून मगच जीव द्यायचा की नाही ते ठरवायचं, अशी तिथली रीत होती. सगुणा नावाच्या म्हाताऱ्या पहारेकरणीचं सारं आयुष्य हा एकच प्रश्न विचारण्यात गेलं होतं. ती अजून जिवंत होती, याचा तिला अभिमानही होता.

एका वसंतात गांधीलमाश्यांनी कहर केला. करंजाच्या फुलोऱ्यात दबा धरून त्या मधमाश्या पळवू लागल्या. तेव्हा खोडाशी वाढलेल्या खाजकुयलीच्या वेलीने निरोप धाडला. शेंगांवरची विषारी कुसळं ती हवी तिकडे उडवू शकत होती.

"तुमच्यातल्या कुणी मरायची गरज नाही," ती म्हणाली. "शत्रूचा वास कसा असतो, तेवढं मला शिकवा."

माश्या कामाला वाघ. करंजाखाली मरून पडलेल्या गांधीलमाश्यांचे पाय, पंख, जे मिळेल ते उचलून त्यांनी वेलीला हुंगवलं. फुलोरा सरेपर्यंत खेपा चालल्या. प्रत्येक तुकड्याला करंजाचा पराग चिकटलेला होता, पण इतकं बारीक बघायला सवड कुणाला होती?

वेल शिकली. गांधीलमाश्या ढोलीपर्यंत पोचण्याआधीच टपाटप पडू लागल्या. पोळ्यात कित्येक महिने कुणी दगावलं नाही. पंचमंडळी तर इतकी खूश, की पहारा मोडून सगुणाला त्यांनी आतल्या साफसफाईला लावलं.

"वेलीला निदान एकदा विचारायला तरी शिकवा," सगुणा म्हणाली.

"सगुणाबाई, विचारण्यात वेळ जातो," पंचांतली थोरली म्हणाली. "पलीकडे गांधीलमाश्यांनीही वेल लावलीय म्हणे. ती काय विचारत बसणार आहे?"

सगुणाला फार वाईट वाटलं. ती आत जाऊन झाडू लागली.

पुढच्या वसंतात करंज पुन्हा फुलला. पहिल्याच दुपारी सगुणाची धाकटी बहीण रेवती आपल्या टोळीसह, परागाने माखलेली, घरी निघाली. कचरा टाकायला ढोलीच्या तोंडाशी आलेल्या सगुणाला खालच्या शेंगा वळताना दिसल्या. आभाळात एकही गांधीलमाशी नव्हती.

"रेवती, मागे फिर!" ती ओरडत झेपावली. तोवर पुढच्या सात-आठ जणी पडल्या होत्या. रेवती भेलकांडत तिच्या अंगावर आली. सगुणाने सवयीने तिला चाचपलं आणि सवयीनेच विचारलं, "कुणाची गं तू?"

"तुझीच की, ताई," रेवती म्हणाली आणि तिचे पंख थांबले.

आरडाओरडा ऐकून पोळ्यातल्या माश्या धावल्या. जखमींना ओढून त्यांनी आत नेलं, ओळीने निजवलं, चाटून पुसून काढलं. बघता बघता सगळी ढोली करंजाच्या वासाने भरून गेली.

वेलीच्या साऱ्या शेंगा सावकाश ढोलीकडे वळल्या. सगुणा तोंडाशी जाऊन आपल्या जुन्या जागेवर उभी राहिली. सगळ्यात जवळच्या शेंगेला तिने मिशांनी चाचपलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

उत्तरासाठी ती रीतीप्रमाणे थांबली.