मान नसलेला मोर

लहानथोर वाचकहो, ज्या काळाचं साल आज कुणालाच सांगता येणार नाही, त्या काळी एका नदीकाठी एक सुखी गाव होतं. गावाबाहेर, जिथे पूर्वी विणकरांची वस्ती होती, तिथे एक उभा दगड होता. भिवराआजी दरवर्षी एका ठरलेल्या सकाळी त्या दगडापाशी बसे आणि तीच हकिकत सांगे: राजाचे शिपाई आले, गावातली माणसं त्यांना सामील झाली, आणि दुपारपर्यंत विणकरांच्या वस्तीत कुणी जिवंत उरलं नाही. सहा वर्षांची भिवरा तेवढी वाचली. मारलेल्यांना त्या दगडाखाली पुरलं होतं. तिची आईही त्यांतच होती.

गाव खाली मान घालून ऐके. विणकरांची शेतं आता गावच कसत होतं.

गावच्या तरुण पाटलीणबाईंना ती सकाळ नकोशी वाटे. शिपायांना वाट दाखवणारा माणूस त्यांच्या नवऱ्याचा आजा होता. आता त्यांना मुलगा झाला होता, आणि हे ओझं त्याच्या पाळण्यापर्यंत येऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अशात गावात एक कथेकरी आला. आवाज गोड, बोलणं नम्र. त्यानं चावडीवर वेगळीच गोष्ट सांगितली. विणकरांना कुणी मारलंच नव्हतं. दूरच्या नगरात चांगला बाजार आहे असं कळल्यावर ते गाड्या जुंपून, गाणी म्हणत निघून गेले. जाताना शेजाऱ्यांना आठवण म्हणून कापड देऊन गेले. "तुमच्या घराघरांत पाळण्याचं वस्त्र आहे ना? ती त्यांचीच भेट," तो म्हणाला.

गावाला ही गोष्ट आवडली. का आवडू नये? तिच्यात कुणाच्याच आजाच्या हाताला रक्त नव्हतं. पाटलीणबाईंना तर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यांनीच नवऱ्याकडे लकडा लावला की बारशाआधी तो दगड हलवा.

पाटलांनी सभा बोलावली. कथेकऱ्यानं आजीला विचारलं, त्या दिवशी शिपाई किती होते? आजी म्हणाली, मोजले नाहीत. घराचं दार कोणत्या रंगाचं होतं? ते आठवत नाही. लोक हसले. कथेकरी हात जोडून म्हणाला, "माझा कुणावर आरोप नाही. मी आपला नुसता विचारतोय."

आजीच्या बाजूचा एक कुंभार तावातावानं उठला. त्या दिवसानंतर नदी महिनाभर लाल वाहत होती, असं त्यानं सांगितलं. आजीनं त्याला हातानं खाली बसवलं.

"नाही बाबा. नदी लाल नव्हती झाली. नसलेलं सांगू नकोस. असलेलंच पुरे आहे."

पाटलीणबाई चमकल्या. बुडणाऱ्या माणसानं आपल्याकडे टाकलेला दोर परत करावा, तसं हे वागणं. खोटं बोलणारं माणूस असं वागेल? पण तो विचार त्यांनी दाबला. दगड हलवायचा, असं ठरलं. बारसं तोंडावर आलं होतं, म्हणून ते उरकलं की लगेच.

त्या गावात एक रीत होती. बारशाला बाळाला घरातल्या सर्वांत जुन्या, म्हणजे त्या पाळण्याच्या वस्त्रावर निजवायचं, आणि ते काम गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं करायचं. त्या वस्त्राचं एक टोक तिरकं कापलेलं आणि सुतं लोंबणारं असे, आणि काठावरचा शेवटचा मोर अर्धवट असे; पाटलांच्या घरच्या वस्त्रावर त्याला मान नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून मोर मुद्दाम अपुरा ठेवतात, असं आया लेकींना सांगत. ती सुतं कुरवाळली की बाळाला आयुष्य लाभतं, असंही सांगत.

म्हातारी म्हणून बोलावणं भिवराआजीलाच गेलं. ती आली. वस्त्र हातात घेतलं, आणि तिचा अंगठा त्या मोरावर थांबला.

"काय झालं, आजी?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"मागाखालच्या खड्ड्यात आईनं मला दडवलं होतं," आजी हळूच म्हणाली. "वर ताणलेलं कापड दिसत होतं. कुणीतरी कोयता मारला आणि एकदम उजेड आला."

पाहुण्यांत बसलेला कथेकरी हसला. "म्हणजे हे तुझ्या आईचंच म्हणायचं?"

"ते नाही सांगता यायचं. मोर सगळीच घरं विणायची."

हो म्हणाली असती तर तिला कोण खोटं पाडणार होतं? पण ती हो म्हणाली नाही. सभेत दाबलेला तो विचार पाटलीणबाईंना आता आणखी दाबता येईना. त्यांनी जमलेल्या बायकांना आपापल्या घरची वस्त्रं आणायला सांगितलं. ओसरीवर ती ओळीनं पसरली. सगळी तिरकी कापलेली. कुठे मोराला मान नाही, कुठे पिसारा नाही, एकावर तर नुसते पाय.

पाटलीणबाई कथेकऱ्याकडे वळल्या. "गाणी म्हणत निघालेली माणसं मागावरचं अर्धं कापड कापून भेट देतात होय?"

कथेकरी खाकरला. म्हणाला, विणकरही काही साधे नव्हते, त्यांनीही काहीतरी केलंच असेल.

"चावडीवर तर तुम्ही म्हणत होता, काही घडलंच नाही. आज म्हणता, त्यांनीच काहीतरी केलं म्हणून घडलं. मग तेव्हापासून ठाऊक होतं की तुम्हाला!"

पाटलांनी मान खाली घातली. पाटलीणबाई बाळाला उराशी धरून म्हणाल्या, "आजी, ह्या वस्त्रावर आता ह्याला कसं निजवू?"

आजीनं बाळ आपल्या हातांत घेतलं आणि त्याच मोराशेजारी निजवलं. "ह्यानं काय केलंय? निजू दे. मोठा झाला की मोराला मान का नाही ते सांग. दृष्ट लागण्याची गोष्ट सांगू नकोस."

दगड जागचा हलला नाही. कथेकरी पुढच्या गावी गेला. तिथेही त्याला ऐकणारे मिळाले, कारण अशा गोष्टींना गिऱ्हाईक कधी कमी नसतं. पण ह्या गावात मात्र भिवराआजी गेल्यावर त्या ठरलेल्या सकाळी दगडापाशी पाटलीणबाई बसू लागल्या. मुलगा मांडीवर असे. शिपायांना वाट कुणी दाखवली, ते नाव त्या स्वतःच्या तोंडानं घेत. आणि नदी लाल झाली होती, असं त्यांनीही कधी सांगितलं नाही.

तात्पर्य: जी गोष्ट ऐकून आपल्याला फार हलकं वाटतं, तिलाच सर्वांत आधी पुरावा मागावा.