दहा हजारांच्या पुढचे सात

एका राज्यात, जिथे तलवारीपेक्षा पाटीला अधिक मान होता, यक्षदत्त नावाचा राजगणक राहत असे. तिथल्या राजकन्येची, मृणालवतीची, एका मांत्रिकाने शिळा केली आणि शिळेवर संख्या कोरली: दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. "कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने ही होते, ते शिळेला सांगा, कन्या उठेल. त्या दोहोंत 'एक' हा आकडा चालणार नाही," एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला.

यक्षदत्त भागायला बसला. रीत त्याला तोंडपाठ होती: भाजकाचा वर्ग संख्येहून मोठा होईपर्यंत थांबायचे नाही. दोन, तीन, पाच, सात करीत चार महिन्यांनी तो दहा हजारांशी आला. एकानेही पुरा भाग गेला नाही. बोटे सुजली, जीव विटला. इथवर सापडले नाही ते पुढे काय सापडणार, असे म्हणून या शहाण्याने पाटी पुसली.

"महाराज, शेवटपर्यंत भागले. ही संख्या अविभाज्य आहे," तो दरबारात म्हणाला. तशी दवंडी पिटली गेली. राजगणकाचे गणित दुसऱ्याने तपासणे हा तिथे मोठा अपमान समजत, म्हणून कुणी तपासले नाही. राणी मात्र रोज शिळेला न्हाऊ घाली. वीस वर्षे तिने ते केले.

एके सकाळी शिळेवर साळुंकी येऊन बसली.

"गणका, तीन प्रश्न. शेवटचा अंक कोणता?"

"तीन. म्हणून दोन आणि पाच बाद."

"अंकांची बेरीज?"

"सतरा. म्हणून तीनही बाद."

"आता संख्येत एक मिळव आणि वर्गमूळ काढ."

यक्षदत्ताने काढले. नेमके दहा हजार आठ. वर्गातून एक वजा केला की मुळाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्येचा गुणाकार उरतो, हे तो शिष्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आला होता. दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ. तो थांबला तिथून अवघी सात पावले! त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"शिळेच्या कानात हळूच सांग," साळुंकी म्हणाली. "दृष्टांत झाला म्हणावे. कुणाला कळणार नाही."

खरे सांगायचे तर त्याला मोह झाला. तेवढ्यात राणी तांब्या घेऊन आली. पाणी फार कढत नाही ना, म्हणून तिने आधी आपल्या हातावर ओतून पाहिले. ते पाहून यक्षदत्ताला राहवेना.

"राणीसाहेब, मी शेवटपर्यंत भागले नव्हते. दरबारात खोटे बोललो."

"किती उरले होते?"

"सात."

राणीने तांब्या खाली ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"सांगा आता तिला," ती म्हणाली.

त्याने दोन्ही संख्या उच्चारल्या. शिळा तडकली आणि मृणालवती उठून बसली, होती तशीच, सोळा वर्षांची. समोरचे पिकले केस पाहून ती आदबीने म्हणाली, "आजी, माझ्या आईला बोलावता का?"

शाप सुटला, राज्याची घडी बसली. तिथे आता प्रत्येक गणकाचे गणित दुसरा तपासतो आणि कुणाला त्याचा राग येत नाही. यक्षदत्त मात्र राणीपुढे पुन्हा कधी मान वर करू शकला नाही.